अक्काच्या केकची शपथ

अक्का केक द्यायच्या आधी शपथ घ्यायला लावायची. डबा तिच्या हातात, झाकण घट्ट, आणि समोर ज्याचा वाढदिवस तो उभा. "म्हणा माझ्या मागं," ती म्हणायची. "हा केक मी खाईन. कोणाच्या तोंडाला फासणार न्हाई. कोणाला फासू देणार न्हाई." लोकांना आधी गंमत वाटायची, मग लक्षात यायचं की बाई गंमत करत नाहीये. आमचे क्रीडाशिक्षक, चांगला धिप्पाड गडी, "अहो अक्का, काय हे लेकरावाणी" म्हणून हसले. अक्काने डबा पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला अडकवली आणि तासाला निघून गेली. त्या वाढदिवसाला क्रीडासरांनी नाक्यावरचे समोसे खाल्ले, आणि ते समोसेही गार होते.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला आमची शाळा. खाजगी, संस्थेची. मी मराठी शिकवते, अक्का विज्ञान शिकवायची. अक्का हे काही तिचं नाव नव्हे. तिचं माहेर उदगीरचं, घरात अर्धं बोलणं कानडी, आणि तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. शाळेत पहिल्या आठवड्यात ती कोणाला तरी रागावली, रागावून झाल्यावर त्याला डब्यातली धपाटी वाढली, आणि तेव्हापासून ती सगळ्यांची अक्का झाली. हेडसरांचीसुद्धा, आणि हेडसर तर तिच्याहून वयाने मोठे. मी हदगावची म्हणून मला ती 'हदगाव' म्हणायची. "ए हदगाव, काय करूलालीस? ये, क्रीमचं भांडं चाटायला."

अक्काची तुकडी विनाअनुदानित होती. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिकवायचं पूर्ण, परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासायचे, निवडणुकीची कामंही करायची; पगार मात्र संस्थेने प्रस्ताव पाठवला, वरून मान्यता आली, तरच. आणि प्रस्तावावर सही कोणाची? संस्थाचालकांची. तोवर माणसाने आशेवर जगायचं. अक्काचे यजमान लातूरला आडतीवर मुनीम. ती नांदेडला दोन खोल्या घेऊन राहायची आणि शनिवारी लातूरची एसटी धरायची. "आमचे मालक कमवूलालेत आणि मी नांदेडची लेकरं शिकवूलाले," असं ती हसून सांगायची. पण प्रस्तावाचा विषय निघाला की हसणं बंद. तिला ती मान्यता हवी होती. वर्गात उभं राहायचा आपला हक्क कागदावर यावा एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मागताना तिला कधी लाज वाटली नाही.

शपथेची सुरुवात आमच्या क्लार्कच्या वाढदिवसापासून झाली. अक्काने स्टाफरूमसाठी केलेला तो पहिला केक. सीताफळाचा हंगाम होता. सीताफळाच्या बिया काढून गर वेगळा करणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. अक्का आदल्या दिवशी संध्याकाळभर तेच करत बसली होती. क्लार्क बिचारा नवा शर्ट घालून आला होता, बायकोने घेतलेला. त्याने केक कापला, पहिला घास घ्यायला तोंड उघडलं, आणि क्रीडासरांनी केकचा अख्खा वरचा भाग उचलून त्याच्या तोंडावर दाबला. हाहाहा, हूहूहू. मोबाईल निघाले. क्लार्कही हसत होता, काय करणार? मग तो नळावर गेला आणि शर्टाची कॉलर धुवत राहिला. अक्का त्याच्या मागे गेली. परत आली ती लाल होऊन. म्हणाली, "माणसाचा वाढदिवस, आणि फोटोत त्याचं तोंडच न्हाई! ही कसली रीत म्हणायची? बिया मी काढल्या, बिया! आजपासून शपथ. घेईल त्याला केक, न घेईल त्यानं बिस्किटाचा पुडा आणावा."

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, हौस असते लोकांची. मलाही लोक म्हणतात. मी त्यांना विचारते, तुमची हौस दुसऱ्याच्या तोंडावरच का फिटते हो?

अक्काचं स्वयंपाकघर म्हणजे तिची दुसरी प्रयोगशाळा. सुरुवातीला कुकरमध्ये मीठ पसरून ती केक भाजायची, ओव्हन नंतर आला. घरात अंडं चालत नाही, म्हणून दही आणि सोडा. क्रीम फेटायचं ते पहाटे, कारण नांदेडच्या उन्हात दुपारी फेटलेलं क्रीम क्रीम राहत नाही, ताक होतं. प्रयोगशाळेतून मोडीत काढलेलं एक फिरतं स्टूल तिने रीतसर मागून घरी आणलं होतं. त्यावर केक ठेवून गोल फिरवायची. नक्षीसाठी दुधाची पिशवी धुवून तिचं टोक कापलेलं. आणि थर पाडायला चाकू नाही, पांढरा शिवणाचा दोरा. दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरून ती दोरा केकच्या पोटातून असा सरळ ओढायची की वरचा थर उचलेपर्यंत आपल्याला कळतही नसे. मध्येच लाईट जायची. मग अक्का महावितरणच्या नावाने उदगिरी कानडीत जे बोलायची त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

केकच्या बाजूंना ती क्रीम लावत नसे. सगळे थर उघडे, एकावर एक दिसणारे. हेडसर एकदा भीतभीत म्हणाले, "अक्का, क्रीम कमी पडलं का? आणून देऊ?" अक्का म्हणाली, "कमी कशानं पडंल? आत काय हाय ते दिसू द्या की, सर. झाकून मला काय करायचंय?" आणि त्या थरांतला एक थर नेहमी ज्याचा केक त्याच्या आवडीचा असायचा. त्यासाठी ती आधी चौकशी करायची, चांगली आठवडाभर, आडून आडून. माझ्या केकात तिने तीळगूळ घातला होता. लहानपणी संक्रांतीला मी वडी चोरून खायची हे मी तिला कधी तरी बसमध्ये सांगितलं होतं, मला आठवतही नव्हतं. मी रडले. ती म्हणाली, "आता रडून केक खारट करू नको, मर."

आमच्या शिपायाला तिसरी मुलगी झाली. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलबी, ही आपल्याकडची पद्धत. त्याच्याकडे जिलबीही आली नाही. तो मान खाली घालून घंटा देत राहिला. लोक त्याचं सांत्वन करायला लागले, अहो, सांत्वन! लेक झाली म्हणून! अक्का दुसऱ्या दिवशी रिक्षातून केक घेऊन आली, मांडीवर धरून, आजवरचा सगळ्यात उंच. नाव ठेवलेलं नव्हतं म्हणून वर नाव लिहिता येईना, तर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आली!' मधल्या सुट्टीत सगळ्या शाळेसमोर तिने शिपायाला शपथ दिली आणि केक कापायला लावला. खाऊन झाल्यावर तो स्वतःहून नाक्यावर गेला आणि जिलबी घेऊन आला.

तर अशी अक्का. आता दादांचं सांगते.

दादा म्हणजे संस्थाचालक साहेबांचे चिरंजीव. वय माझ्या धाकट्या भावाएवढं, पण म्हणायचं दादा. त्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, हात जोडलेले, गॉगल लावलेला, आणि खाली 'भावी नगरसेवक'. कार्यक्रम शाळेच्या मैदानावर. मुलांना रांगेत बसवायचं, शिक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. केक तलवारीने कापायचा. खरी तलवार वापरली की पोलीस केस होते, म्हणून थर्माकोलची, चंदेरी कागद चिकटवलेली. शौर्याचं असं आहे आमच्याकडे.

हेडसरांनी अक्काला बोलावून घेतलं. "यंदा दादांचा केक तुमच्या हातचा होऊ द्या. मोठा, मजल्यांचा. दादा खूश झाले की मी प्रस्तावाचं बोलतो. हीच वेळ आहे, अक्का." मला वाटलं ती फाडकन नाही म्हणेल. ती म्हणाली, "करते. पण शपथेचं दादांना तुम्ही सांगा." हेडसर म्हणाले, सांगतो की. आणि सांगितलं नाही. कोणाची टाप होती दादांना 'शपथ घ्या' म्हणायची?

दादांना काय आवडतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कार्यकर्त्यांना विचारलं तर म्हणाले, "काहीही चालतंय, फक्त मोठा पाहिजे." अक्काने सरळ दादांच्या आईला फोन लावला. त्या माउलीने सांगितलं की लहानपणी शेंगदाण्याच्या लाडवासाठी तो जीव टाकायचा, आता काय खातो ते त्यांनाही कळत नाही. झालं. अक्काने शेंगदाणे भाजले, सोलले, गुळाच्या पाकात घोळून कुटले आणि त्याचा थर केला, प्रत्येक मजल्यात. बाकीच्या थरांना अर्धापूरची केळी. मी दोन दिवस तिच्याकडे मुक्कामाला होते. "प्रस्तावासाठी एवढं करूलालीस?" मी तिला तिच्याच बोलीत चिडवलं. ती म्हणाली, "प्रस्ताव पाहिजेच हाय मला. पण केक त्या पोरासाठी हाय. त्याच्या तोंडात शेंगदाण्याचा लाडू जाऊ दे की एकदा."

कार्यक्रम चारला होता. ऊन उतरलेलं नव्हतं, मुलं मैदानात बसून घामाघूम झालेली. स्टेजवर केक ठेवला, तीन मजली, थर उघडे. दादा आले, फटाके झाले, फवारे उडाले. दादांनी तलवार उचलली तेव्हा अक्का पुढे झाली. "दादा, आधी एक शपथ हाय." हेडसरांनी मागून तिचा पदर ओढला. दादा माईकवरच म्हणाले, "कसली शपथ, अक्का? पक्षाची?" हशा पिकला. अक्का हसली नाही. तिने शपथ सांगितली आणि दादांनी, मजा म्हणून का होईना, शब्दन् शब्द माईकवर म्हटली. टाळ्या पडल्या. म्हणजे शपथ घेतली होती त्यांनी. सगळ्या मैदानाने ऐकली होती.

आणि मग तलवार फिरली, वरचा मजला आडवा झाला, दादांनी त्यातला मूठभर लगदा उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या हेडसरांच्या तोंडाला फासला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. चष्म्यासकट.

हेडसर डोळे मिटून, हात जोडून हसत उभे राहिले. समोर त्यांची सगळी शाळा बसली होती. पुढच्या रांगेतली काही मुलं हसली. मग त्यांच्या लक्षात आलं की हे कोणाचं तोंड आहे, आणि ती गप्प झाली.

"साकू!" अक्का ओरडली. साकू म्हणजे पुरे. तिने हेडसरांच्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने पुसला, परत त्यांच्या कानांवर बसवला. मग केकची फळी दोन्ही हातांनी धरली आणि मला म्हणाली, "हदगाव, तिकडून धर." मी धरली. आम्ही दोघी उरलेला केक घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागलो. मागून दादांचा आवाज आला, "ओ अक्का, केक कुठं नेऊलालात?"

अक्का मागे वळून म्हणाली, "खायला."

तिच्या पर्सच्या कप्प्यात दोरा होताच. तिने दोऱ्याने तुकडे पाडले आणि रांगेने मुलांच्या तळहातावर ठेवले. "सावकाश खा रे. शेंगदाणे हायत, चावून खा." मुलांनी बोटं चाटून खाल्ला. स्टेजवर कोणाला काय करावं सुचेना. समोर पालक होते, मोबाईल चालू होते, लेकरांच्या हातातून केक कोण काढून घेणार? दादा थर्माकोलची तलवार धरून उभे होते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर फिरला, आणि देगलूरहून माझ्या नणंदेचा फोन आला, "त्या फळीला हात लावलेली तूच ना?" मी म्हटलं, "हाव, मीच."

पुढे जे व्हायचं ते झालं. नव्या सत्रात क्लार्ककरवी निरोप आला की तुकडीत विद्यार्थी कमी आहेत, मॅडमची आता आवश्यकता नाही. लेखी काही नाही. मलाही संस्थेने जाब विचारला, पण मी मान्यतेची, मला काढणं एवढं सोपं नव्हतं. मी स्टाफरूममध्ये आरडाओरडा केला. अक्का म्हणाली, "ओरडून घसा बसवू नको, तुला पाचवा तास हाय."

ती सामान बांधत होती तेव्हा हेडसर तिच्या खोलीवर आले. मी तिथेच होते, भांडी कागदात गुंडाळत. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "अक्का, मी शब्द टाकू शकलो नाही. आणि त्या दिवशी तर मी हसत होतो."

"बघितलं मी, सर," अक्का म्हणाली. "ते हसणं बघूनच उचलला केक."

हेडसर खाली बसले आणि रडले. अक्काने त्यांना चहा दिला. मी आयुष्यात त्या माणसावर बरीच चिडले आहे, पण त्या दिवसापासून मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. पुढे ते निवृत्त झाले.

अक्का लातूरला गेली. तिथे एका शिकवणीत विज्ञान शिकवते, पगार यथातथाच. तिथल्या मास्तरांना केक करून देते, शपथेसकट. मी अधूनमधून जाते. तिच्याशिवाय आमची स्टाफरूम म्हणजे नुसती खुर्च्यांची खोली झाली आहे. मला तिची आठवण येते, रोज येते, त्यात आडपडदा कशाला ठेवू?

गेल्या हिवाळ्यात नव्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. म्हणाले, दादांचं मन मोठं आहे. विज्ञानाला माणूस मिळत नाहीये. अक्कांचा प्रस्ताव साहेब सही करून पाठवतील, अगदी खात्रीने. फक्त येत्या वाढदिवसाला अक्कांनी केक करायचा, आणि स्टेजवर स्वतःच्या हाताने दादांच्या गालाला लावायचा. एक बोट. सगळे हसतील, फोटो निघेल, मिटलं.

मी दुसऱ्याच दिवशी लातूरची एसटी धरली. खरं सांगते, वाटेत मी त्या एका बोटाचा इतका विचार केला की अहमदपूर कधी गेलं कळलं नाही. एक बोट क्रीम म्हणजे किती? आणि त्याच्या बदल्यात मान्यता, पगार, म्हातारपणाची सोय, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर अक्का.

अक्का क्रीम फेटत होती. मी सगळं सांगितलं. तिने फेटणं थांबवलं.

"सही खरंच करतील?"

"करतील म्हणाले. या वेळी करतील, अक्का. त्यांनाही माणूस पाहिजे आहे."

तिने हात पुसले, ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की तिला हवं आहे ते. मी म्हणाले, "लाव की गं एक बोट. मी तुला कधी काही मागितलं नाही. ये परत."

"खाली लेकरं बसलेली असतील का?"

"असणारच. दरवर्षी बसवतात."

"मग न्हाई," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "त्यांच्या तळहातावर मी केक ठेवलाय, हदगाव. त्यांच्यासमोर कसं जमंल मला? तूच सांग." मग नाक पुसून म्हणाली, "दादांना म्हणावं, घरी या. एकटे या, न्हाईतर आईला घेऊन या. शेंगदाण्याचा करते, ताटलीत वाढते, पोटभर खा म्हणावं. सही करा न्हाईतर नका करू."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाले, दार लोटून घ्या आधी. मी दार सताड उघडलं. बाहेर व्हरांड्यात मुलं डबे खात बसली होती, पलीकडे शिपाई, क्लार्क, क्रीडासर सगळे होते. मी मराठीची बाई आहे, मला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलता येतं. मी अक्काचा निरोप तिच्याच शब्दांत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तशा आवाजात सांगितला.